सोडवायचा राहिलेला फोटो

तो फोटो मी काढलेला नाही. हे एकदा लिहून टाकायचंच होतं, म्हणून सुरुवातीलाच लिहिते.

जळगाव जामोदला बसस्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी टाकला, आता मी चालवते. गावात कॅमेऱ्याचा विषय निघाला की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. त्यामुळे तो फोटो ज्याच्या मोबाइलवर येतो, तो मला आणून दाखवतो आणि वर म्हणतो, "ताई, भारी काढला." भारी म्हणे! धुरकट चुलीसमोर उकिडवी बसलेली एक बाई. केस विस्कटलेले, पातळ विटलेलं, डोळे धुराने बारीक झालेले. मान वर करून ती अशी बघते आहे की समोरच्याला वाटावं, आता ही हात पुढे करणार. फोटोखाली हिरवं बटण आहे आणि त्यावर लिहिलंय, 'आजच कर्ज द्या'.

एका वेबसाइटच्या पहिल्याच पानावर तो फोटो आहे. शहरातली माणसं तिथे येतात, खेड्यातल्या बायांना थोडे थोडे पैसे कर्जाने देतात, बाया हप्त्याने फेडतात, ज्याचे पैसे त्याला परत जातात. यात वाईट काही नाही. बँकेच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतः दहा जणींना सांगितलं आहे. माझं भांडण त्या एका फोटोशी आहे. त्यातली बाई मी चांगली ओळखते, आणि ती तशी नाही.

तिला आम्ही काकू म्हणतो. सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव आहे. घरची बागायत थोडी, त्यात भाजी आणि मिरची. बाजाराच्या दिवशी ती पाटी घेऊन येते, माल संपला की स्टुडिओत पंख्याखाली टेकते, माझ्या माठातलं पाणी पिते आणि मला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगून जाते. भावात एक रुपया सोडत नाही आणि मापात कुणाला फसवत नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना ती नजर खाली घालत नाही, वर तर मुळीच करत नाही. समोर बघून बोलते. तिचा नवरा असतो घरी, अबोल आहे, पण धडधाकट आहे. हेही इथेच सांगून ठेवते, कारण त्या वेबसाइटवर तो कुठे दिसत नाही.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो असा. गावात एक संस्था बचत गटांचं काम करते. तिने त्या वेबसाइटशी करार केला, आणि बायांचे फोटो काढायचं काम मला दिलं. मला आनंदच झाला. लग्नाचे फोटो आता सगळे मोबाइलवर काढतात, पासपोर्ट फोटोवर दुकानाचं भाडंही निघत नाही. काम सुरू व्हायच्या आधी एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक साहेब आले होते. माणूस गोड बोलणारा, हुशार. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी समजावलं की व्हिजिटरचा लेंडर कसा होतो.

ते म्हणाले, येणारा माणूस कर्ज द्यायला आलेला नसतो, तो नुसता डोकावतो. बाजारात पिशवी न घेता आलेला माणूस असतो तसा. त्याला थांबवतो तो चेहरा. चेहऱ्यावर थांबला की तो दोन ओळी वाचतो. त्या दोन ओळींत एकच गरज असावी, दहा नकोत, नाहीतर त्याला वाटतं माझ्या पैशाने काय होणार. रक्कम लहान ठेवावी, चहा-नाश्त्याएवढी. शेजारी एक पट्टी असते, जमलेल्या पैशांबरोबर ती भरत जाते. भरत आलेली पट्टी पाहिली की माणसाला ती पूर्ण करावीशी वाटते. आणि पैसे परत आले की त्याला लगेच निरोप जातो, तुमचे पैसे आले, आता हे कुणाला द्यायचे? म्हणजे एकदा आलेला माणूस पुन्हा बाहेर पडत नाही.

मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! खरंच शिकण्यासारखं होतं. मी वहीत उतरवूनही घेतलं. मग शेवटी ते म्हणाले, "फोटोत गरज दिसली पाहिजे." मी विचारलं, "म्हणजे कशी?" ते हसून म्हणाले, "सहज असू द्या. नटवू नका."

आता इथे माझी पंचाईत. आमच्या स्टुडिओत वडिलांच्या काळापासून खुंटीला एक काळा कोट टांगलेला आहे, टायसकट. आरशाजवळ कंगवा, पावडरचा डबा, टिकल्यांचं पाकीट. नोकरीच्या अर्जाला फोटो काढायला आलेला माणूस आधी तो कोट घालतो, मग खुर्चीवर बसतो. वडील सांगायचे, माणूस फोटो काढायला येतो तेव्हा त्याला जसं दिसावंसं वाटतं तसा तो काढायचा. आपण काही पंचनामा करायला बसलेलो नाही. मी तोच धंदा शिकले. नटवू नका म्हणजे मी करू काय?

तरी बाकीच्या बायांचे फोटो निभावले. शिवणकामवाली मशीनवर बसली, म्हशीवाली म्हशीपाशी उभी राहिली. मग काकू आली.

तिला मिरची कांडायची मशीन घ्यायची होती. फाल्गुनात मिरची वाळली की घरोघर वर्षाचं तिखट करतात, आणि तिच्या गावच्या बायांना त्यासाठी जळगावला यावं लागे. मशीन गावातच आली तर उन्हाळाभर काम. पण ती हंगामाच्या आधी यायला हवी, होळीनंतर आली तर अर्धा हंगाम हातचा जाणार होता. संस्थेने तिचं नाव घेतलं आणि फोटोसाठी माझ्याकडे पाठवलं.

ती दारात उभी राहिली आणि मी बघतच राहिले. मुलाच्या लग्नातलं जरीकाठाचं लाल लुगडं, डोक्याला तेल, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात सोन्याची एकदाणी. पायातल्या चपलाही पुसलेल्या.

मी म्हटलं, "काकू, लग्नाले चालल्या का?"

"काऊन वं? फोटो काढायचा हाय ना?"

"पन तो साहेब म्हने, साधं असू द्या."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेतली पोर झाले. "पोरी, लोकायकडून पैसे घ्यायचे हायेत. देनारा काय पाह्यते? हे बाई परत करन का नाही, हेच पाह्यते ना? फाटक्यात गेली तं कोन देईन मले? माही माय म्हने, मांगाले जायाचं तं जेवून जाव, अन् नेसून जाव."

मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आमच्याकडे सगळे असंच करतात. सोसायटीत कर्ज मागायला जाणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून जातो. सराफाकडे वस्तू गहाण टाकायला जाणारी बाईसुद्धा उरलेले दागिने घालून जाते. पत दाखवायची असते. मी तिला खुर्चीवर बसवलं, हनुवटी जरा सरळ केली, एकदाणीवर उजेड येईल असा दिवा फिरवला. फोटो असा आला की तिनेच म्हटलं, "हे तं सरपंचीन वाटते."

तो फोटो वेबसाइटवर चढला आणि तसाच पडून राहिला. शिवणकामवालीची पट्टी भरली, म्हशीवालीची भरली. काकूची जागची हलेना. दर बाजाराला ती पाटी उतरवली की आधी विचारायची, "भरलं का वं?" मी मोबाइल उघडून दाखवायची. कोपऱ्यात एवढासा हिरवा ठिपका. कुणीतरी चुकून दिल्यासारखे दिलेले पैसे. होळी जवळ येत होती. ती पाणी प्यायची आणि उठायची. एकदा म्हणाली, "माह्या तोंडात काही खोट दिसते का त्यायले?"

मग संस्थेचा समन्वयक आला. हा मूळचा अमडापूरकडचा, तरुण गृहस्थ, मोटारसायकलवर गावोगाव फिरणारा. वाईट माणूस नव्हता, पण वरून आलेला निरोप जसाच्या तसा खाली टाकायची त्याला सवय होती. म्हणाला, "ताई, वरून सांगतलंय, हा फोटो बदला. बाई गरजू वाटत नाही."

"ती गरजू नाहीच. तिला मशीन पाहिजे."

"तेच सांगून राह्यलो. मशीन पाहिजे म्हणून कोणी देत नाही. तिची दया आली पाहिजे."

"मग मी काढणार नाही. तुमच्या साहेबाला सांगा, कॅमेरा घेऊन स्वतः या."

चिडून बोलले, पण बोलले ते बोलले. मला वाटलं, विषय संपला. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. खरं आहे. पण गरिबीचं आणता येतं, आणि तेही त्या माणसाला न विचारता आणता येतं, हे मला तेव्हा कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काकूच्या घरी गेला. आमच्याकडे घरात गॅस असला तरी अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवरच तापतं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या फुकट असतात, गॅस कशाला जाळायचा? काकू पाणी तापवत बसली होती, तोंड धुवायचं होतं, कामाचं जुनं पातळ नेसलेली. हा तिच्यासमोर उभा राहिला. तिने मान वर करून म्हटलं, "थांबा बाप्पा, तोंड तं धुऊ द्या." त्या क्षणी त्याने मोबाइलवर फोटो काढला. एवढंच. बाई पाहुण्याला थांबा म्हणत होती, आणि शहरातल्या लोकांना ती हात पसरताना दिसली.

खाली दोन ओळी होत्या. एक, आजही ही माउली लाकडाच्या चुलीवर राबते. दोन, अनेकदा ती एक वेळच जेवते. ही दुसरी ओळ आली कुठून? तो गेला त्या दिवशी सोमवार होता. त्याला चहासोबत पोहे दिले, तेव्हा तो म्हणाला, तुम्हीही घ्या. ती म्हणाली, "माहा सोमवार हाय, म्या एकच टाइम जेवते." उपास! महादेवाचा सोमवार त्याने तिच्या दारिद्र्याच्या खात्यात जमा केला. आणि पोहे मात्र स्वतः खाल्ले.

फोटो चढला आणि पट्टी भरली. म्हणजे कशी? सकाळी चढला, आणि दुपारी मी दुकान बंद करून जेवायला जाईपर्यंत भरलेली. मी जेवायचं सोडून ते हिरवं बघत बसले. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगते, ती खोटेपणाने नाही गेली. ती गेली कारण साहेब बरोबर होता. मी काढलेल्या त्या सुंदर, स्वाभिमानी फोटोकडे लोकांनी बोटसुद्धा थांबवलं नाही. तीच बाई, तीच मशीन, फेडायची तीच ऐपत. ताठ बसली तर कुणी विचारत नाही, खाली बसली की सगळे धावत येतात. मग मला त्या साहेबापेक्षा त्या धावत येणाऱ्यांचाच जास्त राग आला. चांगली माणसं आहेत म्हणे. असतील. पण त्यांना आपल्या बरोबरीच्या माणसाला पैसे देता येत नाहीत, त्याला आधी खाली बसवावं लागतं.

मशीन होळीच्या आधी आली. काकूने तिला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, मला तिखटाचा पहिला डबा दिला. तिने फोटो पाहिला नव्हता. तिला वाटत होतं, शेवटी लाल लुगड्यावरच पैसे मिळाले. मीही सांगितलं नाही. हंगाम ऐन भरात होता, कशाला तिचं मन मोडायचं. पण आमच्या गावात अशी गोष्ट लपते थोडीच! तिच्या जावयाच्या मोबाइलवर तो फोटो आला. जावई तिच्या मुलीला म्हणाला, "तुही माय एकच टाइम जेवते अन् आपल्याले माहीत नाही?"

मुलगी रडत माहेरी आली. काकू तिला तशीच सोबत घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दाखव."

मी दाखवला. तिने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "हा तं त्या दिवशीचा हाय. म्या त्याले म्हटलं थांब." मग मोबाइल परत देत म्हणाली, "बरं. म्हनजे हे गहाण टाकलं म्या. फेडीन अन् सोडवून आनीन."

मुलगी म्हणाली, "आई, फोटो गहाण राह्यते का कुठं?"

"ज्याच्यावर पैसे देल्ले ते गहाण. सराफाले इचार."

त्या दिवसापासून ती त्या फोटोबद्दल एक शब्द बोलली नाही. हप्ता भरायची. हंगाम चांगला गेला तेव्हा दोन हप्ते एकदम भरायची. मुलीला नवीन लुगडं घ्यायचं तिने पुढे ढकललं, स्वतः तर काहीच घेतलं नाही. मला कळत होतं, ही कर्ज फेडत नाही, वस्तू सोडवते आहे. मुदतीच्या आधी शेवटचा हप्ता आला. त्या दिवशी ती तेच लाल लुगडं नेसून, एकदाणी घालून स्टुडिओत आली. "चाल," म्हणाली. "वस्तू पाहून घ्यायले दोन मानसं पायजे."

संस्थेच्या ऑफिसात समन्वयकाने हप्ता घेतला, पावती दिली, अभिनंदन केलं. काकू उठेना.

"अजून काही काम होतं का मावशी?"

"माहा फोटो द्या."

त्याला आधी कळलंच नाही. त्याने कपाटातून तिची फाइल काढली, अर्जावरचा पासपोर्ट फोटो उचकटून द्यायला लागला. काकू म्हणाली, "हा नाही. तिकडं टाकला तो. ते पैसे फिटले, आता खाली काढा."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? बरोबर बोलते आहे ती."

मग त्याने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. वेबसाइट उघडली आणि पहिल्याच पानावर, पडदाभर मोठी, काकू. तोवर मला माहीत नव्हतं की तो फोटो तिच्या पानावरून उचलून दारात लावलाय. समन्वयक अभिमानाने सांगत होता, "मावशी, तुमचा फोटो सगळ्यात जास्त चालतो. हा लावल्यापासून येणारे लोक थांबतात. तुमच्यामुळे किती बायांना कर्ज मिळालं!"

"त्यायले मिळालं, लय चांगलं झालं," काकू म्हणाली. "पन तोंड माहं हाय ना बाप्पा. त्यायनं आपापलं लावाव."

त्याने पुण्याच्या साहेबाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. साहेब फारच गोड. "मावशी, तुम्ही तर आमच्या स्टार आहात! तुम्ही कागदावर सही केली आहे, त्यात फोटो वापरायची परवानगी आहे. काळजी करू नका. तुम्हाला आता मोठं कर्ज लगेच मिळेल."

"मले कर्ज नको."

"मग काय हवं?"

"माहा फोटो सोडा. नाही तं लाल लुगड्यातला लावा, ते बी चालन मले."

साहेब हसले. तुच्छतेने नाही, लहान मुलाला हसावं तसं हसले, आणि तेच मला जास्त झोंबलं. "मावशी, तो फोटो लावला तर लोक थांबत नाहीत हो."

मी फोन उचलला आणि म्हटलं, "साहेब, पैसे फेडले की सराफसुद्धा वस्तू परत देतो. तुम्ही सराफाच्याही पलीकडचे निघालात." त्यांनी फोन ठेवला की रेंज गेली, माहीत नाही. परत येताना बसस्टँडपाशी काकू म्हणाली, "सराफानं असं केलं असतं तं गावानं त्याचं दुकान फोडलं असतं. याचं दुकान हाय कुठं?"



पुढे काही महिन्यांनी समन्वयक पुन्हा आला. पैसे देणाऱ्यांपैकी काही मंडळी शहरातून बघायला येणार होती. फोटो मी काढावेत आणि काकूने सकाळचं काम करत असताना दिसावं, अशी त्याची इच्छा. चूल हा शब्द त्याने टाळला. मी गेले ते फक्त काकू एकटी पडू नये म्हणून.

काकू मशीनच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसली होती, लाल लुगडं, एकदाणी, सगळं यथासांग. मशीन चालू होती, नवरा मिरची ओतत होता, बाया डबे घेऊन रांगेत. पाहुणे नाकाला रुमाल लावून शिंकत आत आले. त्यांच्यातली एक बाई, माझ्याच वयाची, चेहरा प्रेमळ, हातात मोबाइल धरून थेट काकूपाशी आली. मोबाइलवर तोच फोटो. तिने काकूलाच विचारलं, "या ताई कुठे भेटतील हो? मी यांना पैसे दिले होते."

"मीच ते," काकू म्हणाली. "बसा."

ती बाई हसली. मग तिने समन्वयकाकडे बघितलं. त्याने मान हलवली. तिने पुन्हा काकूकडे बघितलं, लुगड्याकडे, गळ्यातल्या सोन्याकडे, नवऱ्याकडे, आणि मी तिच्या चेहऱ्यावरून प्रेम उतरताना पाहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मग यांना कर्ज कशाला लागलं?"

काकू म्हणाली, "मशीन घ्यायले."

"पण तिथे तर लिहिलं होतं की..."

आता माझा तोल गेला. मी म्हटलं, "ताई, तुमचे पैसे परत मिळाले ना? मुदतीच्या आधी मिळाले. मग तुम्हाला फसवलं कुणी? ती उपाशी नाही, हे बघून तुम्हाला बरं वाटायला पाहिजे की वाईट?" ती बाई लाल झाली. म्हणाली, "तसं नाही हो, पण एखाद्या खऱ्या गरजूला गेले असते." मी म्हटलं, "खरा गरजू म्हणजे जो तुमच्यापुढे खाली बसतो तो का?" समन्वयक मध्ये पडला. मला बाहेर नेलं. संस्थेचं काम त्या दिवशी सुटलं, आणि खरं सांगते, दुकानाचं भाडं थकलं तरी त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. आत काकू त्या बाईला पुडीत तिखट बांधून देत होती. पाहुणी आहे ना, रिकाम्या हाताने कशी पाठवायची!

त्यानंतर मी एक केलं. माझा तो पहिला फोटो, लाल लुगड्यातला, मोठा करून घेतला, चौकटीत बसवला आणि स्टुडिओच्या काचेत लावला. नवरा-नवरींच्या फोटोंच्या वर, अगदी मधोमध. नांदुऱ्याची, शेगावची गाडी धरायला येणारा प्रत्येक माणूस त्या काचेसमोरून जातो. मला वाटलं, त्यांच्या दारात तिचं एक तोंड आहे, तर आमच्या दारात दुसरं असू दे. काकू दर बाजाराला काचेसमोर क्षणभर थांबायची आणि मग आत यायची. आत आली की पाटी उतरवताना विचारायची, "सुटला का वं?" आधी विचारायची भरलं का, आता विचारते सुटला का. मी मोबाइल उघडते. पहिल्या पानावर चूल, धूर, ती, आणि खाली हिरवं बटण.

"नाही, काकू."

परवाच्या बाजाराची गोष्ट. काकू पंख्याखाली बसली होती. बाहेर गाडीची वाट बघणारी दोन कॉलेजातली पोरं काचेसमोर उभी राहिली. एक दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य बे, हे बाई त्या मोबाइलवाल्या बाईसारखी दिसते." दुसरा म्हणाला, "हाव रे, पन ते गरीब हाय."

मी उठणार होते. काकूने हाताने मला बसवलं आणि स्वतः बाहेर गेली. पोरांनी एकदा काचेकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबू, मी तिच्यासारखी नाही दिसत. ते माह्यासारखी दिसते." पोरांना काही कळलं नाही. गाडी लागली, ती पळाली.

काकू आत आली, माठातलं पाणी प्यायली, पाटी डोक्यावर घेतली.

"फुडच्या बाजारी पाह्यजो," म्हणाली, "सुटते का तं."